जावयांच्या हातचे रोडगे

वऱ्हाडात जावयाला तुपात बुडवून ठेवतात, अशी आमच्या हडपसरच्या बाजूला समजूत आहे. तिकडे सोयरीक झाली की लोक नवऱ्या मुलाकडे जरा हेव्याने बघतात. माझ्याकडेही बघत. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण सासुरवाडी मी अजून पाहिली नव्हती. लग्नाच्या वेळी गावात पटकीची साथ होती, म्हणून कार्य अमरावतीला चुलतसासऱ्यांकडे उरकलं आणि आम्ही तिथूनच माघारी फिरलो. त्यामुळे या पौषात गावच्या यात्रेचं बोलावणं आलं तेव्हा मी नवा कोट शिवला, जरीकाठी उपरणं घेतलं आणि तूप खायला निघालो. गावाचं नाव सांगणार नाही. अमरावतीहून मोर्शीकडे जाताना लागतं, एवढ्यावर भागवून घ्या. नाव छापून आणलं तर पुढच्या खेपेला माझी धडगत नाही.

अकोल्याला साडू भेटले

मनमाडला गाडी बदलून रात्र काढली, ती सांगण्यासारखी नाही. भुसावळ सोडल्यावर उजाडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. आमच्या मळ्यातली माती तांबूस, मुठीत धरली तर भुरभुरणारी. ही माती नुसती बघूनच पोट भरल्यासारखं वाटत होतं. अकोल्याच्या आसपास कापसाने लादलेल्या बैलबंड्यांची रांगच्या रांग सरकी काढायच्या जिनाकडे चालली होती आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिला होता. बाभळीला कापूस लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

अकोला स्टेशनावर आमचे साडू सखारामजी चढले. माझी बायको कौसल्या, तिची थोरली बहीण गिरजा, आणि गिरजेचे यजमान हे सखारामजी. तेल्हाऱ्याकडचे कापूसवाले, आडदांड, मिशाळ आणि अंगावर साधी मळकट बंडी. बायकोला त्यांनी आठवडाभर आधीच माहेरी धाडलं होतं. त्यांनी माझ्या नव्या कोटाकडे बघितलं, बाही दोन बोटांत धरून कापड चाचपलं आणि कोट लय चांगला आहे म्हणाले. मग बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत बसले. कौसल्या बायकांच्या डब्यात होती, म्हणून विचारायलाही कोणी नव्हतं. वऱ्हाडी माणूस मोकळा असतो असं ऐकलं होतं, हा एकटाच कसा आतल्या गाठीचा निघाला, याचं मला नवल वाटलं.

वेस

अमरावतीहून सर्व्हिस मोटार, आणि मोटार सोडल्यावर सासऱ्यांनी पाठवलेली बैलांची दमणी. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि रस्त्याला लागून संत्र्याचे मळे. फळ काढणीला आलं होतं. संत्री आम्हीही विकत घेऊन खातो, पण झाडावर एवढी एकदम बघितली की ती खायची वस्तू आहे हे क्षणभर विसरायला होतं.

गावाच्या वेशीवर मारोतीचं छोटं देऊळ. तिथे पारावर पाटील बसलेले, शेजारी सासरे आणि गावातली दहापाच वयस्क मंडळी. मी दमणीतून उतरलो, कोट सारखा केला आणि हार घालून घ्यायच्या तयारीने उभा राहिलो. पाटलांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "सुपारी."

सखारामजींनी कनवटीची हळद लावलेली सुपारी काढून मारोतीपुढे ठेवली. तिथे तशा पिवळ्या सुपाऱ्यांचा ढीगच पडला होता. त्यांना लगेच एक पंचा मिळाला, तो त्यांनी कंबरेला कसला आणि आत गेले. तशी एक सुपारी पोस्टाने पुण्याला कौसल्येच्या नावे आली होती खरी. निघताना तिने ती नीट सांभाळा म्हणून माझ्याकडे दिली, मी चंचीत ठेवली, आणि मनमाडला पुरी-भाजी खाल्ल्यावर अडकित्त्याने कातरून पानात घातली. हळदीचा वास आला होता, पण म्हटलं वऱ्हाडी सुपारी असेल अशी.

हे मी पाटलांपुढे कबूल केलं. मग सगळा पार हसायला लागला. सासऱ्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. कौसल्या दमणीतून उतरून आली आणि तिने सुपारी आपल्याला पोचली होती, तिनेच नवऱ्याला दिली होती, असं सगळ्यांसमोर सांगितलं. लेकीच्या हाती पोचली म्हणजे झालं, असा निवाडा होऊन मलाही पंचा मिळाला.

मग उलगडा झाला. आजोबा-पणजोबांच्या काळात एकदा ऐन यात्रेत गाव तापाने आडवं झालं होतं. स्वयंपाकाला, पाण्याला, महादेवाची पालखी उचलायला उभं राहील असा माणूस नव्हता. तेव्हा लेकींनी सासरी निरोप धाडले आणि गावोगावचे जावई धावून आले. त्यांनी रोडगे भाजले, पाणी भरलं, पालखी फिरवली. तेव्हापासून यात्रेचे तीन दिवस गावाने बसायचं आणि जावयांनी राबायचं, असा शिरस्ता पडला. सुपारी लेकीला जाते, लेक नवऱ्याला पाठवते. वर्षभर जावयाचे लाड करून ठेवतात ते या तीन दिवसांत वसूल करून घेतात.

माझी सुटका झाली तेव्हा पाराच्या मागे, वेशीच्या बाहेर, एक म्हातारे गृहस्थ गाठोडं मांडीवर घेऊन बसलेले दिसले. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, पायांत धुळीने माखलेले जोडे. त्यांच्याकडेही सुपारी नव्हती. त्यांना बघून कोणी हसलं नाही. सासरे उठून त्यांच्याजवळ गेले, हळू आवाजात काही बोलले आणि त्यांना वेशीबाहेरच असलेल्या आपल्या संत्र्याच्या मळ्यात घेऊन गेले.

कौसल्येने मला सांगितलं. ते नारायणजी, वलगावचे. साऱ्या जावयांत थोरले. गावातली लहान पोरंसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणतात. उभं आयुष्य त्यांनी एक यात्रा चुकवली नाही, जावयांची कामं तेच वाटून देत. गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. मूलबाळ नाही, तिच्या माहेरचंही कोणी उरलेलं नाही. सुपाऱ्या वाटणारा न्हावी वलगावला गेला आणि सुपारी लेकीच्या हातात द्यायची म्हणून तशीच परत घेऊन आला. तो तरी दुसरं काय करणार, असं कौसल्या म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

राबणं

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कोट उतरला. सखारामजींनी माझ्यापुढे गोवऱ्यांची पाटी आणून ठेवली आणि आपण अकोल्यापासून का हसत होतो तेही सांगून टाकलं. नव्या जावयाला आधी काही सांगायचं नाही, हाही शिरस्त्याचाच भाग.

आमच्याकडे पुण्यात मेळे, उत्सव पुष्कळ. स्वयंसेवक म्हणजे छातीवर बिल्ला, हातात काठी आणि बायकांच्या बाजूला गर्दी आवरायला उभी राहणारी मुलं. इथे बिल्ला नाही, पंचा. अमरावतीचे एक वकील, सोनेरी काड्यांचा चष्मा लावून, नदीवरून कावडीने पाणी आणत होते. एक शाळामास्तर पळसाची पानं काडीने टाचून पत्रावळी लावत होते. मी फुलमळ्यातला माणूस, झेंडूचे हार करायला द्या म्हणालो, तर पारावरून पाय सोडून बसलेल्या मेहुण्या म्हणाल्या, ते काम जावयांचं नाही, ते आवडीचं आहे. मला वांगी चिरायला बसवलं. सासऱ्यांच्याच मळ्यातली काटेरी देठांची वांगी, डोंगराएवढा ढीग. चिरता चिरता मेहुण्या पुण्याची खबर विचारत. तुमच्याकडे जावयाला काय देता, तुम्ही इतकं नाकात का बोलता, पुण्यात वांगी मिळतात का. मी काही बोललो की माझीच वाक्यं माझ्याच चालीवर म्हणून दाखवत. इतकं मी कुठेच हसलो नव्हतो.

गावातली पुरुषमंडळी नुसती बसून बघतात, हे त्यांना किती जड जातं तेही दिसत होतं. रोज पहाटे मोट धरणाऱ्या माणसांना तीन दिवस हात बांधून बसायचं. सासरे दर थोड्या वेळाने उठत, विळीजवळ येत, एखादं वांगं हातात घेत, कोणी ओरडलं की ठेवून परत जात.

दुपारी सासऱ्यांनी माझ्याकडे भाकरीचं फडकं दिलं आणि मळ्यात पोचवायला सांगितलं. नारायणजी संत्र्याच्या झाडाखाली बसले होते. ज्वारीची भाकर, बेसन म्हणजे आमचं पिठलं, मिरचीचा ठेचा आणि कांदा असा बेत होता. मला त्यांनी जेवायला बसवून घेतलं. माझं सुपारीचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं होतं. ते मनापासून हसले आणि त्यांनी पहिल्या वर्षी आपण वरणाचा सगळा गंज उपडा केला होता ती हकिकत सांगितली. बायकोने महिनाभर छळलं म्हणाले.

मी विचारलं, आता काय करणार. ते म्हणाले, उद्या सकाळी वलगावला परत जाणार.

"मी बोलावल्याबिगर आलो, मले ठाऊक आहे," ते म्हणाले. "पौष लागला आन पाय उठले. मले फक्त पाह्याचं होतं, कोनी हाक मारते का."

संध्याकाळी महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर याच गोष्टीची बैठक झाली. नारायणजी नको होते असा एकही माणूस तिथे नव्हता. पाटील तर त्यांच्या बरोबरीचे, जन्माची थट्टामस्करी. पण सुपारी द्यायची कोणी, इथे घोडं अडत होतं. पंचांनी दिली तर ती पंचांची होईल, लेकीची नाही; आणि लेकीवाचून माणूस जावई कसा. मी पुण्याच्या पद्धतीने ठराव करण्याची सूचना मांडली. ती त्यांना फार विनोदी वाटली. शेवटी पाटलांनी तोड काढली की भाऊजींनी पाहुणे म्हणून यावं, महादेवापुढच्या पहिल्या पंगतीत मानाने बसावं, गाव त्यांना आग्रह करून वाढेल. निरोप घेऊन पाटील स्वतः मळ्यात गेले. मी कंदील धरून बरोबर होतो.

नारायणजींनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. पाटलांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पाव्हना म्हनून बसलो पाटील, तं मंग ते मेली हे पक्कं झालं."

पाटलांनी हळूच हात सोडवून घेतला आणि ते उठले. घरी आल्यावर मी हे कौसल्येला आणि गिरजेला सांगितलं. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, पण रागवायचं कोणावर तेच कळत नव्हतं.

लेकी

तिसरा दिवस पंगतीचा. पहाटेपासून आम्ही कणीक तिंबत होतो. रोडगा म्हणजे जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेला तुपाचा हात लावून, पदर घालून वळलेला मुठीएवढा गोळा. शेतात गोवऱ्यांची लांबच लांब ओळ पेटवायची, ज्वाळा बसून लाल विस्तव पडला की त्यात गोळे भाजायचे. वरून राख झटकायची, दाबून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. ऐकायला सोपं आहे. धुराने माझे डोळे सुजले, आणि थंडी वाजते म्हणून थोडा वेळ अंगात घातलेल्या नव्या कोटाच्या बाहीला ठिणगीने भोक पडलं. सखारामजींनी ते भोक दोन बोटांत धरून बघितलं आणि आता कोट आणखी चांगला झाला म्हणाले.

इतक्यात वेशीकडून गलका ऐकू आला. आम्ही विस्तव सोडून धावलो.

नारायणजी गाठोडं घेऊन निघालेच होते, आणि गावच्या माहेरवाशिणी त्यांची वाट अडवून उभ्या होत्या. नव्याने लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या, केस पिकलेल्या, सगळ्या. पुढे आमच्या सौभाग्यवती. घरात माझ्याशी खालच्या आवाजात बोलणारी ही बाई कंबरेला पदर खोचून पाटलांना विचारत होती.

"सुपारी कोनाच्या हातात येते, काकाजी?"

"लेकीच्या," पाटील म्हणाले.

"मंग कोनाले पाठवाचं हे लेक सांगन का पंच सांगतीन? रातभर ओसरीवर बसले, आमाले कोनी विचारलं काय?"

पाटलांनी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी मारोतीकडे. खरोखर कोणीच विचारलं नव्हतं. सुपारीच्या गोष्टी पुरुषांनी बोलायच्या, अशी इतक्या वर्षांची सवय. आणि सुपारी बायकांची, हे सगळ्यांना तोंडपाठ असून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

गिरजा मारोतीपुढे गेली आणि जावयांनी ठेवलेल्या पिवळ्या सुपाऱ्या तिने पदरात भरून घेतल्या. कोणती कोणाची ते ओळखणं शक्य नव्हतं आणि तसं कोणी म्हणालंही नाही. प्रत्येकीने पदरातून एकेक उचलली आणि नारायणजींच्या उपरण्यात टाकली. ते उपरणं पसरून उभे होते, सुपाऱ्या काठावरून खाली सांडत होत्या आणि मी त्या वेचून परत टाकत होतो. कौसल्या म्हणाली, माझी तर यांनी खाल्ली, आणि तिने नुसता हातच त्यांच्या उपरण्यातल्या सुपाऱ्यांवर ठेवला. म्हातारा सगळ्यांदेखत रडला. मीही रडलो, आणि सखारामजींच्या मिशा ओल्या झालेल्या मी पाहिल्या.

पाटलांनी पारावरून उतरून पंचा स्वतःच्या हाताने नारायणजींच्या कंबरेला बांधला. "आता कोन्या एका लेकीचे जावई नाई तुमी," ते म्हणाले, "आता साऱ्यायचे. लय राबा लागन."

"राबतो ना," नारायणजी म्हणाले, आणि लगेच आमच्याकडे वळून विस्तवापाशी कोण आहे म्हणून विचारलं. विस्तवापाशी कोणीच नव्हतं. आम्ही सगळे परत धावलो. एका टोकाचे रोडगे कोळसा झाले होते.

पंगत

पंगत दुपारी बसली. देवळापासून नदीपर्यंत माणसं, पुढ्यात पळसाच्या पत्रावळी. रोडगा कुस्करून त्याच्यावर वरण, त्याच्यावर तुपाची धार, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे पंगतीत आग्रह करतात तो तोंडाने. इथे वाढणारा पत्रावळीवरचा हात बाजूला सारून वाढतो. नारायणजी ओळींमधून फिरत होते, कोणाला तूप नाही, कोणाचं वरण संपलं ते ओरडून सांगत होते आणि माझ्या हातातली बादली नीट धरायला दर फेरीला बजावत होते. ज्याला त्याला त्यांच्या हातचं वाढून पाहिजे होतं. पाटलांनी त्यांच्याकडून इतकं मागून खाल्लं की शेवटी त्यांना धरून उठवावं लागलं.

गाव जेवल्यावर जावई उभ्या उभ्या जेवतात. मग शेवटचा एक मान असतो. प्रत्येक जावयाने आपल्या हाताने वळून भाजलेला एक रोडगा तुपात बुडवून देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या आपल्या बायकोला द्यायचा, आणि तिने सगळ्यांसमोर पहिला घास खायचा. वकिलांनी दिला, मास्तरांनी दिला, सखारामजींनी दिला. माझा एका बाजूने काळा होता. कौसल्येने तो उलटसुलट बघितला, चांगल्या बाजूने तोडला, चावला आणि पुण्याच्या मानाने बरा आहे म्हणाली. गावाने टाळ्या पिटल्या.

मी मागे वळलो तर चुलाणापाशी नारायणजी उभे होते. त्यांच्या हातात तुपाने निथळणारा एक रोडगा होता. छान गोल, चहूबाजूंनी सारखा खरपूस.

"वळला तवा ध्यानातच आलं नाई," ते मला म्हणाले.

पायऱ्यांवरचा हशा हळूहळू थांबला, सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मग कौसल्या उठली. माझा काळा रोडगा तिने माझ्याच हातात दिला, सरळ त्यांच्यापुढे जाऊन हात पसरला आणि म्हणाली, "भाऊजी, माहा घास द्या."

त्यांनी एक तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. तिने तो तिथेच खाल्ला. तिच्या मागे गिरजा उभी होती, गिरजेच्या मागे पाटलांची मुलगी, आणि बघता बघता पायऱ्या रिकाम्या झाल्या. एकेक घास देत ते पुढे सरकत होते, रडत होते आणि हसत होते. रांग निम्मीही झाली नसेल, एवढ्यात रोडगा संपला. त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग रांगेकडे, आणि मग माझ्यावर ओरडले.

"पुन्याचे जावई, उभे काहून राह्यले? रोडग्यायचं टोपलं आना."

मी धावलो.